दोन मुलांच्या प्रेमाचं कॉमिक पहिल्यांदा वाचायला घेताना

मी बेळगावात लग्नपत्रिका सेट करतो. दिवसभर स्क्रीनवर डावीकडे 'चि.' आणि उजवीकडे 'चि. सौ. कां.' काही पत्रिका मराठी, काही कन्नड, काही एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. २०२० साली लग्नं थांबली, काम थांबलं. त्या पावसाळ्यात वडगावच्या आमच्या घराच्या माडीवर बसून मी फोनवर दोन मुलांच्या प्रेमाचं कॉमिक पहिल्यांदा वाचलं. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. मी समलिंगी आहे हे मला सोळाव्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी शेवटच्या पानावर इतकं रडू आलं, की खाली मागाची खटखट चालू होती म्हणून निभावलं. नाहीतर सगळं घर माडीवर आलं असतं.

त्या गोष्टीत कुणी मरत नाही. कुणी कुणाला सोडून जात नाही. दोन शाळकरी मुलं एकमेकांना आवडतात, घाबरतात, मग एकमेकांना सांगतात, एवढंच. शोकांतिका मी पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यांनी घसा दाटायचा आणि तासाभरात मोकळा व्हायचा. ही गोड गोष्ट मात्र चार दिवस छातीत बसून राहिली. नव्याने वाचणाऱ्याला कुणीतरी हे आधी सांगायला हवं: या कॉमिक्समध्ये दुःखापेक्षा सुख जास्त लागतं. त्याची तयारी ठेवून वाचायला बसावं, म्हणून हे सगळं लिहितो आहे. निपाणी, खानापूर, चिकोडी, आमचं शहापूर-वडगाव, अशा ठिकाणी एकत्र घरात राहून, चार जणांच्या नजरेखाली वाचणाऱ्यांसाठी.

आधी जागा आणि फोन

आमच्याकडे फोन एकाचा असला तरी हात सगळ्यांचे असतात. भाचा गेम खेळायला घेतो, आई रेसिपी बघायला घेते. म्हणून वाचायच्या आधी पाच मिनिटं ही कामं करा. वाचनाच्या ॲपला वेगळं कुलूप घाला. त्याच्या नोटिफिकेशन बंद करा, कारण नवा भाग आला की चित्रासकट पट्टी वर झळकते. ईमेल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडं असेल तर वाचनासाठी वेगळं खातं काढा.

आणि स्क्रीनशॉट काढू नका. एखादी चौकट इतकी आवडते की बोट आपोआप बटणांकडे जातं. पण ते चित्र गॅलरीत जाऊन बसतं, आणि आपली गॅलरी म्हणजे घरातल्या बारशापासून बाराव्यापर्यंतचे फोटो. माझ्या वहिनीला हळदीचे फोटो दाखवताना मी अंगठा सरकवला आणि दोन मुलगे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेले दिसले. 'कार्टून दिसतंय' म्हणून ती पुढे गेली. माझ्या पाठीला घाम फुटला होता.

छापील पुस्तक मागवणार असाल तर पार्सल कुणाच्या हातात पडणार याचा विचार आधी करा. मी दुकानाचा पत्ता देतो, कारण तिथे रोज कागदाची पार्सलं येतात आणि मीच फोडतो. तुमच्याकडे अशी जागा नसेल तर विश्वासातल्या मित्राचा पत्ता चालेल. शक्य असेल तर घराबाहेर वाचा. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपो मैदानातल्या झाडांखाली किंवा किल्ला तलावाच्या काठी बसून मी एकेक प्रकरण वाचलेलं आहे. कोल्हापूरच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली की तेही बरं, पण शेजारचा प्रवासी आपल्याआधी पान वाचून संपवतो, हे लक्षात असू द्या.

सुरुवात कुठून करायची

दुकानात किंवा ॲपवर शोधलंत तर 'बीएल' हे अक्षर जागोजागी दिसेल. बॉइज लव्हचं ते लघुरूप. हा प्रकार जपानमध्ये १९७० च्या दशकात मुलींच्या मासिकांतून वाढला, आणि आजही तो बहुतांशी स्त्रियांनी लिहिलेला आणि स्त्रियांनी वाचलेला आहे. त्यात काही कमीपणा नाही. पुरुषांच्या हळवेपणाकडे इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुणी पाहिलेलं मला माहीत नाही. पण त्यातल्या, विशेषतः जुन्या कथांमध्ये एक खोड असते: एक जण नको म्हणतो, दुसरा जबरदस्ती करतो आणि पुढच्या प्रकरणात त्यालाच प्रेम म्हटलेलं असतं. 'सेमे' म्हणजे पुढाकार घेणारा, 'उके' म्हणजे स्वीकारणारा, अशी पात्रांची ठरलेली विभागणीही असते. पहिल्याच पुस्तकात हे वाचलंत तर समलिंगी नातं म्हणजे हेच, असं मनात बसू शकतं. तसं ते नसतं. म्हणून आधी वयाची सूचना आणि आशयाची सूचना वाचा. अठराच्या खालच्यांनी प्रौढांसाठीच्या कॉमिक्सपासून लांबच राहावं, हे मी स्पष्टच सांगतो.

माझ्या मते तीन दारं आहेत. तुमच्या वयाप्रमाणे एक निवडा.

विशीच्या आतबाहेर असाल तर ॲलिस ओझमन या इंग्लंडच्या लेखिकेचं 'हार्टस्टॉपर'. २०१६ साली तिनं ते इंटरनेटवर एकेक पान करून टाकायला सुरुवात केली, आणि २०१९ पासून ते मोठ्या प्रकाशकाकडून पुस्तकरूपात येऊ लागलं. चार्ली आणि निक, एकाच शाळेतली दोन मुलं. चार्लीबद्दल शाळेला आधीच कळलेलं आहे आणि त्यापायी त्यानं बराच त्रास सोसलेला आहे. निक रग्बी खेळणारा, सगळ्यांचा लाडका, आणि स्वतःबद्दल गोंधळलेला. इंग्रजी सोपं आहे, दहावीच्या मुलाला सहज कळेल. एक सावधगिरी मात्र: पुढच्या भागांमध्ये चार्लीचा खाण्याशी संबंधित आजार आणि स्वतःला इजा करणं येतं. तो भाग हळुवारपणे लिहिलेला आहे, तरी ज्याची स्वतःची जखम ओली आहे त्यानं तिथे पोहोचण्याआधी थांबून विचार करावा.

चाळिशीकडे झुकला असाल तर फूमी योशिनागा यांचं 'व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?'. जपानमध्ये २००७ पासून एका साप्ताहिकात ते येऊ लागलं. शिरो वकील, केंजी केस कापणारा, दोघं मध्यमवयीन, एकाच घरात राहतात. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात शिरो स्वयंपाक करतो: बाजारात स्वस्त काय मिळालं, किती चमचे काय घातलं, कुठलं उरलं ते उद्या कशात वापरायचं. ऑफिसात त्यानं स्वतःबद्दल कुणाला सांगितलेलं नाही. आईवडिलांना माहीत आहे, पण ते जरा चाचपडतच बोलतात. चुंबनं आणि कबुल्या यांत रस नसलेल्या माणसानंही हे वाचावं. दोन पुरुषांचं म्हातारपण सुद्धा असू शकतं, संध्याकाळची भाजी काय करायची यावर त्यांचं बोलणं होऊ शकतं, ही गोष्ट मला पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा चित्रात दिसली.

आणि तुमच्या घरात, नात्यात कुणी समलिंगी आहे, त्याला समजून घ्यायचं आहे, असं असेल तर गेंगोरो तागामे यांचं 'माय ब्रदर्स हजबंड'. २०१४ ते २०१७ या काळात जपानी मासिकात आलेली ही मालिका एका समलिंगी पुरुषानं लिहिली आणि काढली आहे. याइची हा एकटा बाप आपल्या काना या लहान मुलीला वाढवतो आहे. त्याचा जुळा भाऊ कॅनडात वारला, आणि त्या भावाचा नवरा माइक एक दिवस दारात येऊन उभा राहतो. याइचीच्या मनात काय काय येतं आणि तो तोंडानं काय बोलतो, यातलं अंतर हीच सगळी गोष्ट आहे. काना सरळ प्रश्न विचारत जाते आणि बापाला उत्तरं सापडत नाहीत.

वाचायचं कसं

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचतात. इंग्रजी भाषांतरातही बहुतेकदा तोच क्रम ठेवलेला असतो, म्हणजे आपल्या हिशेबानं पुस्तकाचं शेवटचं पान ते पहिलं. दोन दिवस अडखळायला होतं, मग डोळे शिकतात. फोनसाठी काढलेली कॉमिक्स वरून खाली सरकत जातात. त्यात अंगठा फार पळतो, त्याला आवरा.

कारण कॉमिकमधला खरा मजकूर दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत असतो. समजा एका चौकटीत बाकावर दोन हात आहेत, बोटांमध्ये चार अंगुळांचं अंतर. पुढच्या चौकटीत तेच हात, अंतर दोन अंगुळं. बोलण्याचा फुगा नाही, एक शब्द नाही. ते दोन अंगुळं कोण सरकलं, किती वेळ लागला, किती वेळा मागे घेतला हात, हे चित्रकारानं काढलेलंच नाही. ते तुम्ही भरता. आणि भरताना तुमच्याकडे दुसरं काय असतं? कॉलेजच्या बाकावरचा तुमचा स्वतःचाच हात. म्हणून ही चित्रं इतकी आत जातात. सिनेमा त्याच्या वेगानं पुढे निघून जातो, इथे वेळ तुमच्या हातात असतो. ज्या पानावर शब्द नाहीत तिथे सगळ्यात जास्त थांबा. एका बैठकीला एकच प्रकरण. मी पहिला भाग रात्री अकरा ते तीन एका दमात संपवला आणि दुसऱ्या दिवशी कामाचा नव्हतो.

मग मराठीत म्हणून बघा

ही पायरी माझी स्वतःची आहे आणि ती टाळू नका असा माझा आग्रह आहे. जी चौकट लागली, तिच्यातलं वाक्य वहीत आपल्या बोलीत लिहा.

एका पात्रानं दुसऱ्याला साधंच सांगितलेलं असतं, तू मला आवडतोस, इंग्रजीत. इंग्रजीत त्या वाक्यावरून बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काही कळत नाही. कन्नडातही नाही. 'नीनंद्रे ननगिष्ट' कुणीही कुणालाही म्हणावं. मराठीत मात्र क्रियापदच सांगून टाकतं. 'आवडतोस' की 'आवडतेस', एक निवडावंच लागतं. मी त्या रात्री वहीत 'तू मला आवडतोस' लिहिलं आणि पेन तिथेच राहिलं. तो 'तोस' मी आयुष्यात कधी या अर्थानं उच्चारला नव्हता. कॉलेजात मित्रांना सांगायचो तेव्हाही मनातल्या मुलाची मुलगी करून सांगायचो, 'ती आवडते' म्हणून. इंग्रजीत वाचताना जे लांबच्या शाळेतलं वाटत होतं ते एका प्रत्ययानं थेट आमच्या गल्लीत आलं.

जमेल तेव्हा ते मोठ्यानं म्हणा. आम्हा वडगावकरांना माग आहेत, तुम्हाला नळाचं पाणी सोडावं लागेल. पुस्तकी मराठीत जमलं नाही तर घरच्या भाषेत म्हणा. 'मला तू लई आवडतोस, खरं सांगायला भ्या वाटतंय.' हे वाक्य मला कुठल्याही भाषांतरापेक्षा खरं वाटतं.

वाक्यांची सवय झाली की पुढे गद्याकडे जाता येतं. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही मराठी कादंबरी २००६ ची आहे. आपल्या भागात कन्नड वाचणारे पुष्कळ आहेत, त्यांनी वसुधेंद्र यांचं २०१३ चं 'मोहनस्वामी' जरूर वाचावं. सीमेवर राहण्याचे त्रास आहेत तसा हा लाभही आहे, दोन भाषांची कपाटं आपल्याला उघडी आहेत.

शेवटचं पान मिटल्यावर

आता जो भाग खरा अवघड आहे त्याकडे येतो.

पहिल्यांदा पोकळी येते. ती पात्रं आपली झालेली असतात आणि आता ती भेटणार नाहीत. मग हेवा येतो. सोळा वर्षांच्या चित्रातल्या मुलाचा हेवा वाटतो याची लाज वाटते. त्यानंतर जे येतं त्याला नाव द्यायला मला वर्ष लागलं. ते सुतक होतं. आपल्या वाट्याला न आलेल्या सोळाव्या वर्षाचं. ज्या वयात वर्गातले बाकीचे चिठ्ठ्या लिहीत होते, त्या वयात मी माझं चालणं कुणाला खटकत नाही ना हे तपासत चालत होतो. ते वर्ष गेलं याचं दुःख मी कधी केलंच नव्हतं, कारण ते गेलं हेच दिसलं नव्हतं. कॉमिकनं ते दाखवलं.

असं झालं तर दोनचार दिवस ते होऊ द्या. लगेच दुसरं कॉमिक उघडून त्याच्यावर टाकू नका. चाला, झोपा, जेवण चुकवू नका, वहीत लिहा. माझ्या बाबतीत नेमकं त्याच दिवसांत लग्नांना परवानगी मिळू लागली आणि पत्रिका परत आल्या. पहिलीच पत्रिका उघडली आणि 'चि.' या अक्षरावर कर्सर लुकलुकत राहिला. डावीकडे 'चि.', उजवीकडेही 'चि.' असा मजकूर मी टाइप केला, दहा सेकंद बघितला आणि पुसला. रडू आलं नाही. बरं वाटलं. ते दहा सेकंद मला कॉमिकनं दिले.

दोन गोष्टी त्या रात्री करू नका. एक, कुणाला मेसेज पाठवू नका. पुस्तक संपतं तेव्हा छाती भरून आलेली असते, आणि जुन्या मित्राला किंवा घरच्यांना आत्ताच सगळं सांगून टाकावं असं वाटतं. पुस्तकातली आई समजून घेते, म्हणून आपलीही घेईल असं त्या रात्री वाटतं. लिहा, पण वहीत ठेवा. पंधरा दिवसांनी वाचा. तुमचं शिक्षण, राहणं, पैसा घरावर अवलंबून असेल तर आणखी थांबा. थांबण्यात भित्रेपणा नाही.

दुसरी, तिथल्या कायद्यानं इथला हिशेब करू नका. इंग्लंडमध्ये २०१४ पासून दोन पुरुषांचं लग्न होऊ शकतं. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे तुम्ही गुन्हेगार नाही, आणि लग्नाची नोंदणी मात्र होत नाही. दोन्ही तारखा लक्षात ठेवा, धमकावणाऱ्याला पहिली सांगता येते.

पोकळी दोन आठवड्यांनंतरही उठू देत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. फोन लावल्यावर भाषा निवडता येते. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच घटकेला लावा. एखादा डॉक्टर 'हे बरं करून देतो' म्हणाला तर उठून या. हा आजार नाही, आणि असले उपचार करणं हे डॉक्टरांच्या राष्ट्रीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

दुसऱ्याला वाचायला देताना

एकट्यानं वाचण्याची एक मर्यादा असते. कधीतरी दुसऱ्या माणसाच्या हातात ते पुस्तक बघावंसं वाटतं. आधी अशा माणसाला द्या ज्याचं मत वाईट आलं तरी तुमचं छप्पर जाणार नाही. स्वतःबद्दल काही न सांगता द्या. 'हे वाचून बघ, कसं वाटतंय सांग,' एवढंच. तो माणूस पात्रांबद्दल काय बोलतो ते ऐका. तो पात्रांना जितकी माया देईल, साधारण तितकीच तुम्हाला मिळेल, असा माझा अनुभव आहे.

मी शहापूरला दिलेल्या थोरल्या अक्काला 'हार्टस्टॉपर' दिलं. ती शिवणकाम करते, इंग्रजी बेताचं. कापडाच्या पिशवीत घालून घेऊन गेली आणि आठ दिवसांनी आली.

"खरं ही दोघं पोरंच हायत न्हवं?" तिनं विचारलं.

"हूं."

ती गप्प बसली. मग म्हणाली, "त्या पोराची आई किती बेगीन समजून घेतली रे. आपल्या आईला येळ लागंल."

मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

आईला इंग्रजी येत नाही, म्हणून तिच्यासाठी मी वेगळी वाट धरली आहे. संध्याकाळी ती शेंगा फोडायला बसते तेव्हा मी तिला 'माय ब्रदर्स हजबंड' तोंडी सांगतो, दिवसाला एक प्रकरण, चित्रं दाखवत. पुस्तक उलटीकडून उघडतं याचंच तिला पहिले दोन दिवस नवल. ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारं कुणी नाही त्यांनी हे करून बघावं. हातात काम असलं की माणसाला नजर चुकवायची सोय राहते, आणि ऐकणारा उठून जात नाही. घाई करू नका, अर्थ सांगत बसू नका, प्रश्न आला तरच उत्तर द्या.

माइक याइचीचा चेहरा हुबेहूब आपल्या गेलेल्या नवऱ्यासारखा बघून रडतो, तिथपर्यंत आम्ही पोहोचलो. आईनं हातातली शेंग तशीच धरून ठेवली.

"एवढ्या लांबनं आलंय पोर," ती म्हणाली. "त्याला जेवाय काय घातलं त्यांनी?"